कथेत देव कुठं बसतो? श्रद्धा आणि शैली एकत्र वाचायची रीत

सौंदत्तीच्या डोंगरावरून यात्रा करून आलेल्या तिघांना विचारा, काय पाहिलंत? पहिला म्हणेल, "देवी तिच्या अंगात आली." दुसरा म्हणेल, "ती बाई घुमायला लागली." तिसरा जरा जपून बोलणारा असला तर म्हणेल, "तिला वाटलं, अंगात देवी आली." बाई एकच, भंडारा तोच, हलगीही तीच. पण पहिल्या वाक्याचा कर्ता देवी आहे, दुसऱ्याचा बाई, आणि तिसऱ्यानं देवीला 'वाटलं'च्या उंबऱ्याबाहेर थांबवलंय. तिघांपैकी कुणीही स्वतःच्या श्रद्धेबद्दल अवाक्षर काढलेलं नाही, तरी कोण कुठं उभा आहे हे आपल्याला कळलं. कानडी बोलणारा शेजारी याच गोष्टीला 'मैमेले बंतु' म्हणतो, म्हणजे अंगावर आली. देवी आत आली की वर आली, यावरही एक संध्याकाळ जाईल, पण ते पुन्हा कधी.

लेखकाची धर्मश्रद्धा त्याच्या कथेत कशी उतरते, हे शोधायची माझी सगळी रीत या तीन वाक्यांत आहे. आमचा बेळगावातला वाचनगट दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बसतो. दहा-बारा जण असतो. निम्मे मराठी शाळेत शिकलेले, काही कानडीत, आणि दोघं-तिघं असे की घरात एक भाषा, गल्लीत दुसरी, कचेरीत तिसरी. 'लेखकाचा धर्म आणि त्याची कथा' असा विषय निघाला की पहिल्या वर्षी काय व्हायचं ते सांगतो. कुणी कथेतली देवळं मोजायचं, कुणी सणवार, आणि कुणीतरी आडनावावरून लेखकाची जात काढून मोकळं व्हायचं. चहा येईपर्यंत विषय संपलेला. या गोंधळातूनच हळूहळू पुढची पद्धत तयार झाली. एका कथेला साधारण महिना द्या. घाई असेल तर कथा नुसती आनंदासाठी वाचा, तेही काही वाईट नाही.

सामान आणि पहिलं वाचन

एक कथा घ्या, आख्खा संग्रह नको. दहा ते वीस पानांची असली तर बरी. झेरॉक्स काढा, कारण पेन्सिलीनं खुणा करायच्या आहेत आणि वाचनालयाच्या पुस्तकावर रेघा ओढणाऱ्यांबद्दल माझं मत फार वाईट आहे. दोन रंगांच्या पेन्सिली आणि एक वही पुरे.

प्रस्तावना वाचू नका. मलपृष्ठावरचा मजकूर तर नकोच. लेखक कोण, कुठला, कुठल्या पंथाचा, हे माहीत असलं तरी तेवढ्यापुरतं बाजूला ठेवा. एका बैठकीत कथा वाचा आणि वहीत एकाच प्रश्नाचं उत्तर लिहा: या कथेच्या जगात काय काय घडू शकतं? प्रार्थना ऐकली जाते का? मेलेला माणूस बोलू शकतो का? आयुष्यभर वाईट वागलेला माणूस एका क्षणात बदलू शकतो का? शाप लागतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, या जगात योगायोग आहे का? एखाद्या कथेत कौलारू छप्पर कोसळतं ते नुसतं पावसानं कोसळतं, आणि एखाद्या कथेत ते कोसळण्यासाठीच पहिल्या पानापासून उभं असतं. योगायोगाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की निम्मं काम झालं.

लघुकथाच का, असं गटात एकदा विचारलं गेलं. कादंबरीत लेखकाला वळणं घ्यायला जागा असते. शंका, वाद, दुसरी बाजू, सगळं मावतं. कथेला वळायला एकच बोळ मिळतो, आणि त्या बोळात लेखक कशावर विसंबून वळला हे लपवता येत नाही.

कर्ता शोधा

दुसऱ्या वाचनात ते वळणाचं वाक्य शोधायचं, ज्याच्या आधीची कथा वेगळी आणि नंतरची वेगळी. ते बहुधा शेवटच्या तिसऱ्या हिश्श्यात असतं. सापडलं की लाल पेन्सिलीनं खूण करा आणि शाळेतल्या व्याकरणाच्या तासासारखं विचारा: कर्ता कोण?

एक नमुना मी स्वतःच करून देतो. खानापूरकडच्या एका गावात पुरात गोठा वाहून गेला, एवढी घटना घ्या.

"मलप्रभेला पूर आला आणि दौलूचा गोठा वाहून गेला."

"मलप्रभेनं दौलूचा गोठा नेला."

"दौलूचा गोठा जायचाच होता. तो त्या रात्री गेला."

पहिल्या वाक्यात पूर आहे आणि गोठा आहे, दोघांमध्ये कुणी नाही. दुसऱ्यात नदीला हात फुटले. ती नेऊ शकते, म्हणजे उद्या तिची ओटी भरून तिला विनवताही येईल. तिसऱ्यात नदीचं नावही नाही, तिची गरजच उरली नाही. 'जायचाच होता' हे कुणी ठरवलं होतं, ते वाक्य सांगत नाही. मराठीला ही सोय फार आहे. घडलं, झालं, व्हायचं होतं, मिळायचं नव्हतं, अशा क्रियापदांमागं कर्ता गुपचूप बसू शकतो. देव, दैव, कर्म, निसर्ग, समाज, यांपैकी कुणाला त्या रिकाम्या जागी बसवायचं हे लेखक ठरवतो, आणि तो जाणूनबुजून ठरवतो असंही नाही. म्हणूनच ती जागा तपासायची.

तिसऱ्या वाक्याच्या गावात जी. ए. कुलकर्णी राहतात. ते आमच्याच भागातले, १९२३ सालचा जन्म. पुढं धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवलं, १९८७ साली गेले. 'काजळमाया'ला १९७३ चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं आणि पुस्तकाच्या प्रकाशन-तारखेवरून वाद निघाल्यावर त्यांनी ते परत केलं, हे बेळगावात मराठी वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्यांना 'नियतीवादी' म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडं सवय आहे. मला तो शिक्का आळशीपणाचा वाटतो. 'पिंगळावेळ'मधली 'स्वामी' ही कथा घ्या. एका वाटसरूला गोड बोलून मठात नेतात आणि जमिनीखालच्या खोलीत कायमचा स्वामी करून कोंडतात. बाहेर लोक त्याच्या नावानं भक्ती करत असणार, आत तो माणूस एकटा. तिथं त्याला एक वेल सापडते, तो तिला फटीतून वर उजेडाकडं वाट करून देतो, आणि शेवटी तिच्याशी बोलतो.

आता कर्ता शोधा. कोंडणारा मठ आहे, धर्मसंस्था आहे. तिच्याबद्दल कथेला काडीचीही श्रद्धा नाही. पण वेलीशी होणारं ते बोलणं ऐका. त्या वाक्यांची लय आशीर्वचनाची आहे, जुन्या पोथीत शोभेल अशी. धर्म गेला आणि धर्माची भाषा मागं राहिली. कथेचं मत एकीकडं आणि तिच्या वाक्यांचा सूर दुसरीकडं, असं जिथं दिसेल तिथं दोन रेघा मारा. बहुतेक वेळा सगळ्यात मोलाचं तेच असतं. आमच्या गटात या कथेवर दोन महिने गेले, आणि रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका अजूनही म्हणतात की वेल हाच त्या कथेतला खरा स्वामी. मला पटत नाही, पण खोडताही येत नाही.

मग चरित्राकडं जा, पण नेमके प्रश्न घेऊन

आता लेखकाची माहिती काढायला हरकत नाही. मात्र 'लेखक हिंदू आहे', 'ख्रिश्चन आहे' एवढ्यानं काही हाती लागत नाही. जन्मानं मिळालेला धर्म, घरात रोज पाळला जाणारा आचार, लेखकाला स्वतःला पटलेली श्रद्धा, आणि त्यानं वाचून मिळवलेलं तत्त्वज्ञान या चार वेगळ्या गोष्टी आहेत. घरात काय मोठ्यानं वाचलं जायचं? हरिविजय, बायबल, कुराण, लिंगायत संतांची कानडी वचनं? लेखकानं श्रद्धा सोडली असेल तर कधी, आणि ही कथा त्याच्या आधीची की नंतरची? तारखा पाहा. त्या फार उपयोगी पडतात.

चेस्टरटन या इंग्रज लेखकाचा फादर ब्राउन नावाचा कॅथलिक पाद्री गुन्हे शोधतो. त्याच्या कथा १९१० पासून छापून येऊ लागल्या. खुद्द चेस्टरटन कॅथलिक झाले १९२२ साली. म्हणजे पात्र लेखकाच्या बारा वर्षं आधी त्या पंथात होतं. 'कॅथलिक लेखकानं कॅथलिक नायक रंगवला' हे सोपं वाक्य तारखेपुढं टिकत नाही. उलट पात्रानंच लेखकाला हळूहळू ओढून नेलं की काय, असा जास्त मजेदार प्रश्न हाती येतो.

आपल्याकडचं उदाहरण बाबा पदमनजींचं. जन्म १८३१, बेळगाव. १८५४ साली ते ख्रिस्ती झाले आणि १८५७ साली विधवांच्या दशेवरचं 'यमुनापर्यटन' छापलं. ही कादंबरी आहे, कथा नाही, तरी इथं घेतो. कारण श्रद्धा युक्तिवाद होऊन आली की गद्याचं काय होतं ते तिथं लख्ख दिसतं. पात्रं प्रवास करतात, दुःख पाहतात, आणि मग थांबून बोलतात. ते बोलणं पटवण्यासाठी असतं. श्रद्धा सांगणारी कथा आणि श्रद्धेच्या डोळ्यांनी पाहणारी कथा असे दोन ढीग करायची सवय लावून घ्या. पहिल्या ढिगातली सगळीच वाईट असते असं नाही, पण तिला शोधायला ही पद्धत लागत नाही, ती स्वतःच ओरडून सांगते.

आणि आडनावावरून धर्म काढू नका, निदान आमच्या जिल्ह्यात तरी. इथं पाटील मराठा असतो, लिंगायत असतो, जैन असतो, मुसलमानही असतो.

शैलीची झडती

हा टप्पा सगळ्यात लांब. निळी पेन्सिल घ्या आणि कथेतली प्रत्येक उपमा अधोरेखित करा. मग वहीत लिहा, ती कुठून आणली आहे: शेतातून, स्वयंपाकघरातून, देवळातून, स्मशानातून, ग्रंथातून? कथेत एकदाही देवाचं नाव नसेल आणि तरी वीसपैकी आठ उपमा गाभाऱ्यातल्या असतील, तर लेखकाचं मन कुठं वावरतंय ते कळलं. आठ हा आकडा मी उगाच घेतला. मोजून तुमचा तुम्ही काढा.

मग वाक्याची घडण. प्रत्येक श्रद्धेची आपली एक बोलायची ढब असते आणि लेखक लहानपणी ती कानांनी पितो. कीर्तन ऐकत वाढलेल्याच्या कथेत पूर्वरंग-उत्तररंग डोकावतो: आधी सिद्धान्त, मग त्याला आख्यान. हिवाळ्यात कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा असं एकेका गावी साहित्य संमेलन भरतं. तिथं कथाकथनाला बसा आणि पहिली पाच मिनिटं लक्ष देऊन ऐका. "माणसाचा लोभ कधी सुटत नाही, बघा मंडळी" असं म्हणून जो सुरुवात करतो, तो बुवा समोर नसतानाही कीर्तनातच उभा असतो.

सीमाभागातल्या वाचकाला इथं एक फायदा आहे, जो पुण्यातल्याला सहसा मिळत नाही. अभंग आणि वचन दोन्ही आपल्या कानांवरून गेलेलं असतं. अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं: तुका म्हणे, नामा म्हणे. बसवण्णांच्या वचनाच्या शेवटी त्यांचं नाव येत नाही, त्यांचा देव कूडलसंगमदेव येतो. अक्कमहादेवीच्या वचनाच्या शेवटी चेन्नमल्लिकार्जुन. म्हणजे अभंग संपताना माणूस बोलतो, आणि वचन संपताना माणूस देवाकडं तोंड करून बोलणं त्याच्या हवाली करतो. आता तुमच्या कथेचा शेवटचा परिच्छेद पाहा. निवेदक पुढं येऊन स्वतःचा शेरा मारतो का, की कुणालातरी, बहुधा अनुपस्थित असलेल्याला, हाक मारून गप्प होतो? याच्यावरून लेखक वारकरी की शरण, म्हणजे वचनकारांच्या वाटेचा, असं ठरवायला जाऊ नका. शेवटची हाक कुणाला, एवढाच धागा धरा. (ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला कानडा म्हटलं, ती ओळ मी मुद्दाम देत नाही. आमच्याकडं तिच्याशिवाय एकही उद्घाटन पार पडत नाही, तिलाही विश्रांती मिळू दे.)

हिशोब कोण मिटवतो

शेवट वाचताना विचारायचं, पात्राच्या चुकीचं पुढं काय झालं. क्षमा झाली, शिक्षा झाली, की हिशोब आपोआप फिटला? या तीन गोष्टी आपण एकाच गाठोड्यात बांधतो.

भक्तीच्या कथेत क्षमा करणारा कुणीतरी असतो आणि तो नियम मोडूनही क्षमा करू शकतो. ख्रिस्ती कृपेचंही तसंच, ती कमावता येत नाही. जैन विचारात मात्र जग चालवणारा, माफ करणारा देवच नाही. कर्म बांधलं जातं आणि झडतं, निर्जरा होते, ती ज्याची त्यानं करायची. दशलक्षण पर्वात 'उत्तम क्षमा' पहिली येते, पण ती माणसानं माणसाला करायची क्षमा. बेळगाव जिल्ह्यात जैन शेतकऱ्यांची वस्ती मोठी आहे, किल्ल्यातली कमल बस्ती तर सगळ्यांनी पाहिलेली असते. तरी त्या घरातल्या माणसानं लिहिलेली कथा वाचताना आपण शेवटी दयेची वाट पाहत बसतो आणि ती आली नाही की कथेला कोरडी म्हणतो. हे माझ्याकडूनच झालंय. गटातल्या एका तरुणानं लिहिलेल्या कथेत सावकारी करणारा म्हातारा शेवटी खोलीत एकटा बसून वह्या चाळतो, कुणी येत नाही, काही घडत नाही. मी म्हटलं, शेवट अर्धवट वाटतो. तो म्हणाला, "सर, येणार कोण? कुणी नसतंयच की." तेव्हा मला उमगलं की कथेत कमी काही नव्हतं, मी माझ्या आजीच्या देवाची वाट पाहत होतो.

एक कथा पूर्ण चालून बघू

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या कथाकार फ्लॅनरी ओ'कॉनर. जन्म १९२५, मृत्यू १९६४, वय ३९. वडील ज्या ल्युपस नावाच्या आजारानं गेले त्याच आजारानं त्या गेल्या. आयुष्याची शेवटची वर्षं आईबरोबर शेतावर काढली आणि तिथं मोर पाळले. बाई पक्क्या कॅथलिक, आणि आजूबाजूला सगळी प्रोटेस्टंट वस्ती. त्यामुळं त्यांची पात्रं जवळजवळ सगळी प्रोटेस्टंट. पात्राचा धर्म तो लेखकाचा, असं मानणाऱ्याची इथं पहिल्याच पायरीला ठेच लागते.

'रेव्हलेशन' ही त्यांची १९६४ ची कथा, म्हणजे 'प्रकटीकरण'. मराठी बायबलातल्या शेवटच्या पुस्तकाचं नावही तेच. डॉक्टरच्या दवाखान्यातली बाहेरची खोली. मिसेस टर्पिन नावाची लठ्ठ, नीटनेटकी, देवभोळी शेतकरीण आत येते आणि बसल्याबसल्या सगळ्यांचे जोडे पाहून माणसांची प्रत ठरवते. रात्री झोप येईना की ती मनात उतरंड लावते: सगळ्यात खाली काळे, त्यांच्या शेजारी कंगाल गोरे, वर घरवाले, त्यांच्यावर घर आणि जमीन दोन्ही असलेले. ती आणि तिचा नवरा क्लॉड तिथले. मग गुंता होतो, कारण पैसा असलेले हलके निघतात आणि कुळवंत भाड्याच्या घरात. डोळा लागेपर्यंत सगळ्यांची सरमिसळ झालेली असते.

निपाणी-चिकोडीकडच्या कुठल्याही दवाखान्यात नंबर लावून बसलेल्याला ही खोली परकी वाटणार नाही. आम्ही फक्त जोड्यांऐवजी आधी भाषा ऐकतो, मग गाव विचारतो, मग आडनाव. हा भाग मी गटात मोठ्यानं वाचला तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग खानापूरच्या एक मावशी म्हणाल्या, "सर, मी पण मनात नंबर लावते की. माझा कधी शेवटी येत नाही बघा."

आता पायऱ्या लावू. या जगात योगायोग आहे का? समोर एक मुलगी जाड पुस्तक वाचत बसलेली, टर्पिनबाईंकडं रागानं बघत. बाई मोठ्यानं येशूचे आभार मानतात, सगळं आहे तसं केल्याबद्दल, आणि त्याच क्षणी पुस्तक येऊन त्यांच्या डाव्या डोळ्यावर आदळतं. वळणाचं वाक्य हेच. कर्ता कोण? मूळ इंग्रजी वाक्यात कर्ता आहे 'पुस्तक'. मुलीनं फेकलं असं ते वाक्य म्हणत नाही. पुस्तकानं मारलं, असं म्हणतं. त्या मुलीचं नाव मेरी ग्रेस, आणि 'ग्रेस' म्हणजे कृपा. पुस्तकाचं नाव 'मानवी विकास'. लेखिका इथं मिस्कील हसतेय. कृपा येते ती मलम घेऊन येत नाही, डोळ्यावर टेंगूळ आणते. मग ती मुलगी बाईंना नरकातलं डुक्कर म्हणते.

चरित्राकडं जा. ओ'कॉनरबाई रोज रात्री झोपण्यापूर्वी थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन कॅथलिक तत्त्वज्ञाचा धर्मग्रंथ थोडा वाचत, असं त्यांनीच पत्रात लिहिलंय. ऐकू न येणाऱ्याशी ओरडून बोलावं लागतं आणि कमी दिसणाऱ्यासाठी चित्र मोठं, दचकवणारं काढावं लागतं, अशा अर्थाचं त्यांचं म्हणणं प्रसिद्ध आहे. त्यांच्या शैलीतली मारामारी, व्यंग, अतिशयोक्ती त्या समजुतीतून आलीय. श्रद्धा इथं विषय होत नाही, आवाजाची पट्टी ठरवते. टर्पिनबाईंची आभाराची प्रार्थना लूकच्या शुभवर्तमानातल्या परूश्याची आहे, 'मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे आभार' असं म्हणणाऱ्याची. ते ठाऊक असेल तर कथा अधिक कळते, पण ठाऊक नसतानाही मावशींना ती कळलीच.

शैलीची झडती घेतली तर पहिली बरीच पानं टर्पिनबाईंच्याच बोलीत, त्यांच्याच खांद्यावरून, हसतखेळत चालतात. शेवटी डुकरांच्या खुराड्यापाशी पाइपनं पाणी मारता मारता बाई आभाळाकडं बघून देवालाच दटावतात, तू स्वतःला समजतोस कोण? तो आवाज शेतांवरून फिरून त्यांच्याच कानांवर परत येतो. मग संध्याकाळच्या आभाळात त्यांना एक पूल दिसतो. त्यावरून जीव स्वर्गाकडं चाललेत: ज्यांना त्या तुच्छ मानत ते पुढं, वेडेबागडे नाचत, आणि त्यांच्यासारखे सभ्य लोक सगळ्यात मागं, एकटेच सुरात गाणारे. त्या मागच्यांच्या चेहऱ्यांवर दिसतं की त्यांचे सद्गुणसुद्धा जळून चाललेत. गद्य इथं एकदम पट्टी बदलतं, वाक्यं लांबतात, विनोद थांबतो.

हिशोब कोण मिटवतो? ही आग शिक्षेची नाही, माझ्या वाचनात तरी. पंक्तीतून कुणाला हाकललेलं नाही, टर्पिनबाईंचे लोकही पुलावर आहेतच, फक्त शेवटी. पाप जळतं हे कुणीही लिहील. पुण्य जळतं हे लिहायला मरणोत्तर शुद्धीकरणाची कॅथलिक कल्पना मनात मुरलेली लागते, आणि ती प्रोटेस्टंट टर्पिनबाईंच्या डोळ्यांत लेखिकेनं गुपचूप घातलीय. लेखिकेची श्रद्धा आणि पात्राची श्रद्धा यांमधली ही फट हाती लागली की समजा, कथा वाचून झाली.

अनुवाद असेल तर

धर्माचा शब्द अनुवादात सगळ्यात आधी मरतो. आयझॅक बाशेविस सिंगर यिद्दिशमध्ये, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या बोलीत लिहीत, वडील रब्बी होते, १९७८ चं नोबेल मिळालं. त्यांच्या एका कथेत गिंपेल नावाच्या भटारखान्यातल्या माणसाला सगळं गाव फसवतं आणि तो विश्वास ठेवत राहतो. १९५३ साली इंग्रजीत आल्यावर शीर्षकात तो 'मूर्ख' झाला. मूळ यिद्दिश शब्द 'ताम', म्हणजे भोळा, निर्मळ, साधा. ज्यू लोकांच्या वल्हांडणाच्या विधीतल्या चार मुलांपैकी एकाला हाच शब्द आहे. मराठीत 'मूर्ख' करायचं की 'भोळा', यावर सगळी कथा फिरते. भोळा म्हटलं की आपल्याकडं शंकरही आठवतो, ते चालेल का हा आणखी वेगळा प्रश्न. म्हणून अनुवाद वाचताना पाप, कृपा, प्रसाद, क्षमा, भोग असा कुठलाही शब्द आला की थांबा आणि शक्य असेल तर मूळ विचारा.

आपल्याला शक्य असतं, निदान कानडीचं. हासनच्या बानू मुश्ताक यांच्या 'हार्ट लॅम्प' या संग्रहाला २०२५ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. दीपा भास्ती यांनी इंग्रजी करताना कानडी, उर्दू, अरबी शब्द तिरप्या टायपात टाकले नाहीत, तळटिपा दिल्या नाहीत. आमच्या गटात ज्यांना कानडी येतं ते मूळ कथा वाचतात, बाकीचे इंग्रजी, आणि मग भांडण लागतं. मुसलमान घरातल्या बाईची घुसमट मांडणारी त्यातली एक कथा श्रद्धेच्या विरोधात आहे की श्रद्धेच्या नावानं चालणाऱ्या कारभाराच्या, हे ठरवताना दोन्ही बाजूंनी एकच वाक्य पुरावा म्हणून आलं होतं, एक कानडीतलं, एक इंग्रजीतलं.

उलटी परीक्षा

शेवटचं काम लिहिण्याचं आहे. वळणाच्या वाक्याभोवतीचा परिच्छेद घ्या आणि कर्ता बदलून पुन्हा लिहा. देव असेल तिथं योगायोग घाला, योगायोग असेल तिथं कर्म, कर्म असेल तिथं सरकारी कचेरी. मग मोठ्यानं वाचा. बदल करूनही परिच्छेद सहज चालत असेल तर श्रद्धा वरवरची, रंग लावल्यासारखी. कुठंतरी वाक्य अडखळत असेल, लय मोडत असेल, उपमा पोरकी वाटत असेल, तर श्रद्धा तिथंच होती. ओ'कॉनरच्या त्या वाक्यात आम्ही 'मुलीनं चिडून पुस्तक फेकलं' असं घातलं. व्याकरण बरोबर, घटना तीच, आणि पुढचा पूल आभाळात उभाच राहीना.

गटात हे करताना एक पथ्य पाळतो: दुसऱ्याच्या श्रद्धेची कथा असली की त्या घरातला माणूस सगळ्यात शेवटी बोलतो. आधी बोलला तर बाकीचे मान डोलावून गप्प बसतात. आणि शेवटी बोलला तरी तो त्या धर्माचा वकील नाही, त्याला उलटतपासणी नको.

वहीत कथेच्या नावाखाली तारीख, वळणाचं वाक्य, कर्ता आणि तुमचं मत, एवढं चार ओळींत लिहून ठेवा. वर्षानं तीच कथा पुन्हा काढा. माझ्या वहीत 'स्वामी'पुढं कर्ता म्हणून आधी 'मठ' लिहिलंय, ते खोडून 'नियती', तेही खोडलंय. यंदा काकांनी वही मागून नेली आणि रिकाम्या जागी पेन्सिलीनं 'वेल' लिहून परत दिली. अजून खोडलेलं नाही.